चौथं वर्ष

कॉलेजच्या तपासणीला आलेल्या समितीच्या अध्यक्षांचा प्रश्न अगदी साधा होता आणि त्याचं उत्तर मुलांकडून घोटून घेतलेलं होतं. तीन वर्षांनी पदवी मिळत असताना तुम्ही ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला का थांबलात? वैजयंती कलशेट्टीनं त्यासाठी आठवडाभर मुलांना दुपारचं सेमिनार हॉलमध्ये बसवून घेतलं होतं. संशोधनाची गोडी लागली म्हणून, विषय मुळातून समजून घ्यायचा होता म्हणून, असं काहीही चाललं असतं. पहिल्या रांगेतून अभिमन्यू उठला. सांगोल्याकडच्या एका वाडीवरचा, उंच, खांद्यात जरा वाकलेला, भूगोलाच्या वर्गातला तिचा सगळ्यात आवडता विद्यार्थी. त्यानं शर्टाची बाही खाली ओढली आणि म्हणाला, "मॅडमना वाईट वाटू नये म्हणून थांबलो, सर."

हॉलमध्ये हशा पिकला. वाईट हशा नव्हता तो. लग्नाच्या मांडवात एखादं पोर मोठ्या माणसासारखं बोलून जातं आणि सगळे कौतुकानं हसतात, तसला. अध्यक्षही हसले, त्यांच्या शेजारच्या सदस्यबाईंनी काहीतरी लिहून घेतलं, प्राचार्यांनी वैजयंतीकडे बघून मान हलवली. हसला नाही तो फक्त अभिमन्यू. त्यानं विनोद केला नव्हता आणि तक्रारही केली नव्हती. आपण कुठल्या एसटीनं आलो हे सांगावं तसं सांगितलं होतं आणि तो खाली बसला होता. वैजयंतीही हसली. मग पुढचा विद्यार्थी उठला, त्यानं संशोधनाची गोडी व्यवस्थित सांगितली, आणि सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं. पाहुण्यांना चादरी दिल्या, जेवणं झाली, पायऱ्यांवर फोटो काढला. फोटोत उभी असतानाच तिला ते जाणवायला लागलं. निऱ्या सुटत आल्यात असं वाटावं आणि चारचौघांत हात लावून बघताही येऊ नये, तशी पोटापाशी काहीतरी सैल झाल्याची भावना. फोटोवाला म्हणाला, मॅडम, जरा इकडं बघा. तिनं तिकडं बघितलं.

रिक्षातून घरी जाताना मार्च महिन्याचं ऊन पडद्याच्या फटीतून मांडीवर पडत होतं आणि ती स्वतःला समजावत होती की त्यात काय मोठंसं. मुलाला आपल्याबद्दल माया आहे, ती त्यानं बोलून दाखवली. गुरूला याहून काय पाहिजे? पण मन वाक्याच्या त्या बाजूला जायला तयार नव्हतं. ते 'वाईट' या शब्दापाशी थांबलं होतं. कुणाला वाईट वाटणार आहे हे त्याला कसं कळलं? आपण कधी वाईट वाटलेलं दाखवलं होतं? सात वर्षांपूर्वी आधीच्या प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून हुशार मुलांसाठी ऑनर्स कक्ष काढायचा आहे, तो तुम्ही बघा, असं सांगितलं होतं. त्याच महिन्यात तिला डावलून तिच्याहून धाकट्या माणसाला विभागप्रमुख केलं होतं आणि मुलगा नोकरीला पुण्याला गेला होता. तुम्ही स्वतःला गुंतवून घ्या मॅडम, असं प्राचार्य म्हणाले होते. तेव्हा तिला ते वाक्य विश्वासाचं वाटलं होतं. आता सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलेल्या रिक्षात ते वाक्य पुन्हा ऐकू आलं तेव्हा त्याचा सूर वेगळाच होता. आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलतात तो सूर.

आणि ती खरोखरच गुंतली होती. शनिवारच्या चर्चा तिनं सुरू केल्या. कधी कुणी पाहुणा बोलायचा, कधी मुलांपैकीच कुणी, आणि मग प्रश्नोत्तरं. भिंतपत्रक सुरू केलं, वादविवादाला मुलांना कोल्हापूरपर्यंत नेलं, नान्नजच्या माळावर माळढोक बघायला नेलं. माळढोक दिसला नाही. मुलं मनोऱ्यावर चढून उन्हात डोळ्यांवर हात धरून बसली होती, आणि परत येताना बसमध्ये लावण्या येमूल म्हणाली होती, मॅडम, गवत काय सुंदर होतं. विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी, चुणचुणीत मुलगी. त्या वाक्यानं वैजयंतीचा दिवस सार्थकी लागला होता. घरी येऊन तिनं ते नवऱ्याला सांगितलं होतं. आता तिला वाटलं, बाईनं एवढी बस ठरवली, पक्षी काही दिसला नाही, आता काहीतरी बोललं पाहिजे, असं त्या पोरीनं मनात म्हटलं असेल का?

विरेश, तिचा नवरा, औषधांच्या घाऊक दुकानातून परत आला होता आणि पंख्याखाली बनियनवर बसला होता. समितीचं कसं झालं, त्यानं विचारलं. चांगलं झालं, ती म्हणाली. जेवताना तिनं त्याच्याकडे बघितलं. तो तिचं बोलणं ऐकताना नेहमी जेवण जरा सावकाश करायचा, घास हातात धरून ठेवायचा. इतकी वर्षं तिला हे लक्ष देणं वाटत आलं होतं. तिनं विचारलं, मी शनिवारच्या गोष्टी सांगते त्या तुला खरंच ऐकाव्या वाटतात? विरेश थोडा गोंधळला. "तू सांगत असतेस तेव्हा तुझा चेहरा बरा दिसतो," तो म्हणाला. ते प्रेमच होतं. त्याबद्दल शंका घ्यायचं काही कारण नव्हतं. तिनं ताटं उचलली. पुण्याहून मुलाचा दर रविवारी फोन यायचा, आणि प्रकृती, पाणी आलं का, हे झालं की तो न चुकता विचारायचा, आई, तुझं ऑनर्स काय म्हणतंय? अगदी त्याच जागी, त्याच सुरात. ओट्यापाशी उभं राहून भांडी विसळताना तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिनं अभिमन्यूला कक्षात बोलावलं. बोलावू नये असंही वाटत होतं. जे माहीत नाही ते माहीत नसलेलंच बरं, हे तिची आई म्हणायची. पण रात्रभर तिच्या डोळ्यांपुढे त्याच्या वाडीवरचं घर येत राहिलं होतं. गेल्या मे महिन्यात तिसऱ्या वर्षाचे निकाल लागल्यावर ती मुलांच्या घरोघर गेली होती, कारण नव्यानंच सुरू होणाऱ्या चौथ्या वर्षाला मुलं मिळत नव्हती आणि पहिलीच तुकडी रिकामी राहिली असती. सांगोल्याहून पुढं वडापच्या जीपमधून आणि तिथून बाभळींच्या वाटेनं ती चालत गेली होती. अभिमन्यूचा बाप भीमा मेंढरं राखून होता. मामानं पोरासाठी माळशिरसला एका दूध डेअरीत कारकुनाची जागा बघून ठेवली होती. भीमानं तिला खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली बसून विचारलं होतं, "मॅडम, ह्या चौथ्या वर्सानं काय हुतंय?" आणि तिनं सांगितलं होतं. संशोधनाची दारं उघडतात, पुढची पदवी एका वर्षात होते, अशी मुलं शोधत लोक कॉलेजात येतील. ती चांगली बोलली होती. बोलताना तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत गेला होता. सारजाबाई, अभिमन्यूची आई, दारात उभी राहून पदर तोंडाला लावून ऐकत होती. मग तिनं भाकरी केल्या होत्या, आणि निघताना वैजयंतीच्या हातात शेंगांची पिशवी दिली होती. डेअरीतली जागा मामानं दुसऱ्या कुणाला तरी दिली.

अभिमन्यू आला आणि उभाच राहिला. ती बस म्हणाली तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसला. काल बोललास ते, तिनं सुरुवात केली, आणि तो लगेच म्हणाला, चुकलं मॅडम, पाठ केलेलं इसरलो. चुकलं म्हणून नाही, ती म्हणाली, मला फक्त समजून घ्यायचंय. तुला थांबायचं नव्हतं का? तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर माळी वाळलेल्या हिरवळीवर पाइप धरून उभा होता.

"तुमी उन्हाचं चालत आला," तो शेवटी म्हणाला. "आई म्हणली, बाई एवढ्या लांब आपल्या दाराला आल्यात, मोकळ्या हातानं कसं लावायचं? बा काय बोलला न्हाय. मग मीच म्हणलं, थांबतो की."

पाहुणीला भाकरी वाढली, शेंगा दिल्या आणि मुलाचं एक वर्ष दिलं. तिनं विचारलं, बाकीच्यांचंही असंच आहे का? तो गप्प राहिला. चेहरा प्रामाणिक असला की गप्प राहणंसुद्धा उत्तर होऊन बसतं. मग शनिवारचं, तिनं विचारलं; शनिवारी तर तुम्ही आपणहून येता. इथं त्यानं मान खाली घातली.

"तितं पाळी लावल्याली हाय, मॅडम. हॉल लई रिकामा दिसू नये म्हणून. येकदम कमी झालं की तुमी गप गप हुता. मग आमी ठरवलं, येका शनवारी हे, येका शनवारी ते."

"आणि प्रश्न?"

"ते बी ठरल्यालं असतंय की. न्हायतर पावण्यानं इचारलं कुणाला काय शंका, की सगळी खाली बघत्यात." आणि मग, तिला बरं वाटावं म्हणून असेल, तो घाईनं म्हणाला, "लावण्याचे प्रश्न मात्र तिचे तिनंच काढल्यालं असत्यात."

तो गेला. भिंतीवर सात वर्षांचे फोटो होते. त्यांच्याकडे बघायला ती धजावली नाही. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. मुलांनी फसवलं असतं, टवाळी केली असती, पाठीमागे नावं ठेवली असती, तर शिक्षकाला त्यावर काय करायचं ते माहीत असतं. पण ही मुलं घरची कामं सोडून, कुणी यंत्रमागावरच्या बापाला मदत सोडून, कुणी दोन बस बदलून, आळीपाळीनं येऊन बसत होती, जसं गल्लीतल्या एकट्या म्हातारीकडे घरटी एक जण रोज डोकावून जातो. लावण्यानं एकदा विचारलं होतं, मॅडम, शहराला स्वतःच्या विहिरी विसरायला किती पिढ्या लागतात? त्या प्रश्नावर वैजयंती घरी येऊन विरेशपाशी अर्धा तास बोलली होती. मुलगी विचार करायला लागली, म्हणाली होती. मुलगी विचार करतच होती. बाईंना काय विचारलं म्हणजे आवडेल, याचा. नाही, असं म्हणणंही अन्याय होता. कदाचित दोन्ही खरं असेल. पण आता ते वेगळं कसं काढायचं? दुधात पाणी पडल्यावर पाणी कुठलं आणि दूध कुठलं, आणि ओतणाऱ्याच्या मनात तर वाईट काहीच नव्हतं.

पुढच्या शनिवारी तिनं मुलांना सांगून टाकलं की या चर्चा आता ऐच्छिक आहेत, परीक्षा जवळ आली, कुणी आलं नाही तरी चालेल, मला खरोखर काही वाटणार नाही. ती हे शक्य तितक्या मोकळेपणानं बोलली. त्यानंतरच्या शनिवारी हॉल भरलेला होता. चौथ्या वर्षाची सगळीच्या सगळी होती, खालच्या वर्गांतली पण होती, मागच्या बाजूला खुर्च्या कमी पडल्या. पाळी मोडली होती. सगळेच आले होते. पाहुणे म्हणून आलेले वनाधिकारी खूश झाले. प्रश्न तर इतके आले की वेळ पुरेना. वैजयंतीनं आभार मानले, आणि मानताना तिच्या लक्षात आलं की समोरची पन्नासएक तोंडं तिचा चेहरा निरखताहेत, आजाऱ्याला आज घास गेला का ते घरचे बघतात तशी. तेव्हा ती हसली. तोंडं निवळली.

मग ती प्राचार्यांकडे गेली. हे नवे प्राचार्य, घाईचे पण सज्जन. ऑनर्सचं काम आता दुसऱ्या कुणाला तरी द्या, किंवा खरं सांगायचं तर बंदच करा, असं तिनं सांगितलं. कारण विचारल्यावर तिला कारण मांडता येईना. मुलं माझ्यावर दया करतात, हे वाक्य केबिनमध्ये बोलता येण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, मुलांना याचा उपयोग होत नाही. प्राचार्यांनी चष्मा काढला. मॅडम, आजच समितीचा अहवाल आलाय, ते म्हणाले, आणि तुमच्या कक्षाला सगळ्यात जास्त गुण आहेत. त्यांनी त्यातला एक भाग मोठ्यानं वाचून दाखवला. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातलं दुर्मीळ भावनिक नातं हे या उपक्रमाचं बलस्थान आहे, आणि एका ग्रामीण विद्यार्थ्याच्या उत्स्फूर्त उत्तरातून ते समितीला प्रत्ययास आलं. पाच वर्षांसाठी मुदतवाढ होती. "आता तुम्ही सोडायचं म्हणालात तर मलाच वाईट वाटेल," प्राचार्य मनापासून म्हणाले. व्हरांड्यात आल्यावर तिनं खांबाला हात लावला. दगड तापलेला होता. शिपाई म्हणाला, मॅडम, बरं नाही का? बरंय, ती म्हणाली.

परीक्षा झाल्या. अभिमन्यू निरोप घ्यायला आला. पायाला हात लावला. सांगोल्याच्या शेळीबाजारावरचा त्याचा प्रबंध खरंच चांगला होता; ती तसं म्हणाली तेव्हा तो लाजला. आता पुढं काय, तिनं विचारलं. बघू की, तो म्हणाला. सध्या बा संगट मेंढरामागं. ती त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि तो पाठीवर सॅक टाकून एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागला तेव्हा तिला हाक मारावी असं वाटलं. पण हाक मारून काय सांगायचं, हे सुचेपर्यंत तो वळणावरून गेला.

मे महिन्यात पुढच्या तुकडीसाठी पुन्हा मुलं मिळवायची होती. पाच-सहा नावं यादीत लागली होती. त्यात सगळ्यात वर भवानी पेठेतली सिद्धेश्वरी. तिसऱ्या वर्षाला पहिली आलेली, अक्षर मोत्यासारखं. तिला होटगी रोडच्या एका इस्पितळात बिलाच्या काउंटरवर नोकरी मिळत होती, जूनपासून. वैजयंती या वेळी ठरवून निघाली. सिद्धेश्वरीच्या घरी जायचं आणि स्वच्छ सांगायचं, हिला चौथ्या वर्षाला घालू नका. एक तरी मूल आपल्यापासून वाचवायचं. सात वर्षांत पहिल्यांदाच आपण कुणाच्या तरी दारात खरं बोलायला चाललोय, असं तिला वाटलं, आणि पेठेतल्या अरुंद गल्लीत शिरताना बऱ्याच दिवसांनी तिचं पाऊल हलकं पडलं.

पुढच्या खोलीत गुरुसिद्धप्पाचं शिवणाच्या सामानाचं छोटं दुकान होतं, रिळं, बटणं, अस्तरं. तिला बघून तो गल्ल्यामागून उठूनच आला. आतून त्याची बायको बसम्मा आली, "बर्री मॅडम, कुंदर्री," म्हणत तिनं खुर्ची पुसली आणि पंखा तिच्याकडे वळवला. सिद्धेश्वरी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी राहिली. कपाळाला विभूती, हाताला कणीक. पाणी झालं, ऊन किती वाढलंय ते झालं. मग वैजयंती म्हणाली, "मी सांगायला आलेय की सिद्धेश्वरीला चौथ्या वर्षाला घालू नका. नोकरी घेऊ द्या तिला."

मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा आवाज तेवढा येत होता. गुरुसिद्धप्पानं बायकोकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि आवाज उतरवून विचारलं, "मॅडम, पोरगी कुटं कमी पडली का?"

नाही, नाही, वैजयंती म्हणाली, तसं काही नाही, हुशार आहे ती. पण या वर्षाचा तसा उपयोग नाही, नोकरी हातातली आहे, आणि हुशार मुलांना कुठंही, म्हणजे, कमीपणा मानायचं कारण नाही. ती बोलत होती आणि आपलंच बोलणं तिला ऐकू येत होतं. निकालाच्या दिवशी नापास मुलांच्या आईबापांशी ती याच आवाजात बोलायची. शब्दही तेच होते. बसम्मा म्हणाली, गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं, मॅडमनी आमच्या सिद्धीला निवडलं म्हणून. ती काही रागानं म्हणाली नाही. सिद्धेश्वरी बोटांवरची कणीक खरवडत खाली बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

"चालेल मॅडम," ती म्हणाली. "मी काउंटरलाच जाते. तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार." आणि डोळे भरून आलेले दिसू नयेत म्हणून ती आत वळायला लागली.

वैजयंतीनं तिला थांबवलं. पुढचं वाक्य आपण बोलणार आहोत हे तिला बोलण्याच्या आधी क्षणभर कळलं होतं, आणि त्या क्षणभरात ते गिळून टाकता आलं असतं. "अगं, तसं नाही," ती म्हणाली. "तुझं मन किती पक्कं आहे ते बघत होते. ये तू. जूनमध्ये ये."

मुलगी वळली आणि हसली. बसम्मानं सुटकेचा श्वास टाकून परमेश्वराचं नाव घेतलं आणि चहाला आत गेली. वैजयंती त्या हसण्याकडे बघत राहिली. तीस वर्षं मुलांचे चेहरे वाचण्यात गेली होती. कुणाला कळलंय, कुणाला नाही, कोण खोटं बोलतंय, हे ती फळ्याकडे तोंड असतानाही ओळखायची. पण या चेहऱ्यावरचा आनंद मुलीचा स्वतःचा होता की समोर बसलेल्या बाईसाठी काढून ठेवलेला, हे तिला कितीही बघितलं तरी सांगता येईना. बाहेर गुरुसिद्धप्पानं, मॅडमची खात्री पटावी म्हणून, लगेचच इस्पितळातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला होता. तो कन्नडमध्ये बोलत होता, आणि वैजयंतीला घरची भाषा असल्यामुळे त्यातला शब्द न् शब्द कळत होता. मुलगी येणार नाही, तो सांगत होता, ती पुढं शिकतेय. जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका. उठून त्याच्या हातातला फोन घ्यावा, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात बसम्मा चहा घेऊन आली, आणि तिनं दोन्ही हातांनी कप घेतला.